सरकारी छायाचित्रकाराचे काम: रुजू होण्यापासून कार्यभार सोपवण्यापर्यंत

सरकारी यंत्रणेत पगारी छायाचित्रकार म्हणून रुजू होणाऱ्या माणसाने पहिल्याच दिवशी हे ध्यानात घ्यावे, की त्याच्या छायाचित्राचा खरा गिऱ्हाईक बहुधा अजून त्या कार्यालयात आलेलाच नसतो. प्रसिद्धीपत्रकासोबत जाणारे चित्र दोन दिवसांत शिळे होते. परंतु वीस वर्षांनी एखादा अभियंता, लेखापरीक्षक, वकील किंवा इतिहासाचा अभ्यासक तेच चित्र शोधत येतो, आणि तोवर चित्रातली माणसे निवृत्त झालेली असतात, इमारत पाडलेली असते आणि चित्र काढणारा कुठे आहे हे कोणालाच सांगता येत नसते. वृत्तपत्राचा छायाचित्रकार उद्याच्या अंकासाठी काम करतो आणि सरकारी छायाचित्रकार दप्तरासाठी. पुढे दिलेल्या सूचना या एका गोष्टीवरच उभ्या आहेत.

नव्या माणसाला कॅमेरा हाती घेण्याची घाई असते. ती आवरून त्याने आधी काही चौकश्या करून घ्याव्यात: काम सांगण्याचा अधिकार कोणाला आहे, चित्र बाहेर देण्यापूर्वी कोणाची मंजुरी लागते, आवाराच्या कोणत्या भागांत छायाचित्रणास मनाई आहे, आणि मूळ फाइली आजवर कुठे ठेवल्या जात होत्या. शेवटच्या प्रश्नाला ‘त्या कपाटात’ किंवा ‘आधीच्या साहेबांच्या संगणकावर’ असे उत्तर मिळण्याची तयारी ठेवावी. ते कपाट उघडून दोन दिवस त्यातली चित्रे पाहत बसणे हे माझ्या मते या नोकरीचे सर्वांत चांगले प्रशिक्षण होय. कोणत्या पुलाची हे न कळणारी पुलांची चित्रे, पाठमोऱ्या अनोळखी माणसांची चित्रे आणि मागे ‘उद्घाटन’ एवढाच शब्द लिहिलेली चित्रे शेकड्यांनी पाहिली, की काय करायचे नाही हे वेगळे शिकवावे लागत नाही.

साहित्याविषयी फार लिहिण्यासारखे नाही. दोन कॅमेरे, त्यांत प्रत्येकी दोन मेमरी कार्डांची सोय, एक २४-७० आणि एक ७०-२०० मिलिमीटरची लेन्स, एक फ्लॅश आणि भरपूर बॅटऱ्या एवढ्यावर नव्वद टक्के काम भागते. कार्यालयाच्या वस्तू आणि स्वतःच्या वस्तू मात्र एका पिशवीत ठेवू नयेत. स्वतःची लेन्स कामावर वापरावीच लागली तर तसे आधी लेखी कळवावे, म्हणजे ती हरवली किंवा फुटली तर वाद होत नाही आणि साहित्याची मोजदाद होते तेव्हा ती चुकून सरकारजमाही होत नाही.

काम घेताना

प्रत्येक मागणी लेखी यावी असा आग्रह धरावा, मग ती दोन ओळींची ई-मेल का असेना. त्या मागणीत कोण, कुठे आणि किती वाजता एवढेच असते. ‘हे चित्र कशासाठी हवे आहे’ हा प्रश्न छायाचित्रकारानेच विचारायचा असतो. ‘फोटो काढायला या’ एवढ्या निरोपावर गेलेला माणूस सगळ्याचे थोडेथोडे टिपून येतो आणि नेमके हवे ते राहून जाते. वार्षिक अहवालाच्या मुखपृष्ठासाठी उभे चित्र लागते आणि त्यात शीर्षकासाठी वरच्या बाजूला मोकळी जागा लागते. संकेतस्थळाच्या पट्टीसाठी आडवे आणि अरुंद चित्र लागते. चौकशी अहवालाला जोडायच्या चित्रात सौंदर्य नसले तरी चालते, पण मोजमाप दिसावे लागते.

अमेरिकेत ग्रामीण गरिबीवर काम करण्यासाठी १९३५ साली निघालेली आणि १९३७ पासून फार्म सिक्युरिटी अ‍ॅडमिनिस्ट्रेशन या नावाने ओळखली गेलेली यंत्रणा या बाबतीत अभ्यासण्यासारखी आहे. तिच्या छायाचित्र विभागाचे प्रमुख रॉय स्ट्रायकर स्वतः छायाचित्रकार नव्हते. परंतु ते आपल्या माणसांना दौऱ्यावर धाडण्यापूर्वी त्या भागाची शेती आणि अर्थकारण वाचायला लावत आणि काय काय पाहून यावे याची टिपणे हाती देत. ती यंत्रणा आणि तिचे काम पुढे चालवणारे युद्धमाहिती कार्यालय यांच्या सुमारे १,७५,००० कृष्णधवल निगेटिव्ह आज लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये जपलेल्या आहेत. आपल्याला असे टिपण देणारा वरिष्ठ लाभण्याची शक्यता कमी, म्हणून ते आपणच लिहावे. जाण्याच्या आदल्या दिवशी पाच-सहा ओळी लिहिल्या तरी पुरतात, पण त्या लिहिताना प्रकल्पाची माहिती वाचावी लागते आणि खरा लाभ त्या वाचनाचाच असतो.

समारंभ

दोन संस्थांमध्ये करारावर सह्या होण्याचा प्रसंग घेऊ. तो प्रत्यक्षात दोन मिनिटांचा असतो, पण छायाचित्रकाराने किमान पाऊण तास आधी सभागृहात पोहोचावे आणि प्रथम सही करणाऱ्यांच्या खुर्चीत स्वतः बसून पाहावे. तिथून दिसते, की एका गालावर खिडकीचा निळसर उजेड आणि दुसऱ्यावर छतावरच्या दिव्यांचा पिवळा उजेड पडणार आहे. पडदा ओढता येत असेल तर ओढावा आणि पांढऱ्या कागदावर व्हाइट बॅलन्स (पांढरा रंग पांढराच दिसावा यासाठीचा रंगांचा तोल) ठरवून घ्यावा. मागे मोठा एलईडी पडदा असेल तर दोन-चार चित्रे काढून त्यात आडवे पट्टे उमटतात का ते पाहावे. जिथे वीजपुरवठा ५० हर्ट्‌झचा असतो तिथे साधे दिवे सेकंदाला १०० वेळा उजळतात आणि मंदावतात, म्हणून १/१०० किंवा १/५० सेकंदाचा शटर सुरक्षित ठरतो. ६० हर्ट्‌झच्या पुरवठ्यात तोच हिशेब १/१२० आणि १/६० असा होतो. आवाज न करणारा इलेक्ट्रॉनिक शटर भाषणाच्या वेळी सोयीचा वाटतो खरा, परंतु अशा प्रकाशात पट्टे सर्वाधिक त्यातच उमटतात.

मग टेबल पाहावे. पाण्याच्या बाटल्या, मोबाइल, ध्वनिक्षेपकाच्या वायरी आणि कालच्या कार्यक्रमाचा फलक या वस्तू संयोजकांना विनंती करून हलवून घ्याव्यात, कारण त्या नंतर संगणकावर पुसण्याची परवानगी आपल्याला नाही, हे पुढे येईलच. टेबलावरील नावांच्या पाट्यांचे एक चित्र आताच काढून ठेवावे. संध्याकाळी चित्राखालची माहितीची ओळ, म्हणजे फोटोओळ, लिहिताना पदनामाचे शुद्धलेखन त्यातून मिळते.

सही करताना माणूस मान खाली घालतो आणि उभ्याने काढलेल्या चित्रात फक्त केस किंवा टक्कल दिसते, तेव्हा टेबलासमोर गुडघ्यावर बसूनच हे चित्र काढावे लागते. त्यानंतर कागदपत्रांची अदलाबदल आणि हस्तांदोलन हे तीन-चार सेकंदांत उरकते. ‘कृपया क्षणभर थांबावे’ असे म्हणण्यात काहीही गैर नाही, कारण कॅमेऱ्याकडे पाहून केलेले हस्तांदोलन हे मांडलेले चित्र आहे हे पाहणाऱ्याला कळतेच. मात्र सहीचा क्षण हुकला म्हणून कोऱ्या कागदावर पुन्हा सही करायला लावू नये. तो क्षण हुकल्याचे अधिकाऱ्याला सांगताना होणारी शरम पचवावी. आणखी एक सौजन्य पाळावे: यंत्रणेच्या छायाचित्रकाराला व्यासपीठाजवळ जाता येते आणि वृत्तछायाचित्रकार दोरीपलीकडे उभे असतात, म्हणून आपले चित्र मिळताच बाजूला सरावे. त्यांच्या प्रत्येक चित्रात आपली पाठ येत राहिली तर यंत्रणेविषयीचा रोष आपल्यामुळे वाढतो.

समूहछायाचित्रात तंत्र सोपे असते. छिद्रमान (लेन्समधून उजेड आत येण्याच्या छिद्राचे माप) एफ-८ च्या आसपास ठेवावे, म्हणजे मागची रांगही रेखीव येते, आणि वीस माणसे असतील तर निदान आठ-दहा चित्रे काढावीत, कारण कोणाचे ना कोणाचे डोळे मिटलेलेच असतात. अवघड असते ते नावे मिळवणे. रांग मोडण्यापूर्वी सहकाऱ्याने डावीकडून उजवीकडे जात प्रत्येकाला नाव आणि पद विचारावे आणि ते मोबाइलवर ध्वनिमुद्रित करावे. ‘उद्या यादी पाठवतो’ या आश्वासनावर विसंबू नये. ती यादी येते, पण ती निमंत्रितांची असते, उपस्थितांची नव्हे.

पाहणी आणि क्षेत्रभेट

पुलाच्या खांबाला गेलेली भेग टिपायची असेल तर निदान चार चित्रे हवीत. पहिल्यात संपूर्ण पूल आणि ओळखीची एखादी खूण दिसावी. दुसऱ्यात तो खांब, शक्य असल्यास त्याच्या क्रमांकासह. तिसऱ्यात भेग जवळून. आणि चौथ्यात तीच भेग, तिच्याशेजारी त्याच पातळीत धरलेल्या मोजपट्टीसह. मोजपट्टीविना काढलेले चित्र आवश्यक असते, कारण पट्टीखाली काही झाकले गेले असा आक्षेप पुढे कोणी घेऊ शकतो. कॅमेरा पृष्ठभागाला काटकोनात धरावा, नाहीतर माप तिरके दिसते, आणि कॅमेऱ्यावरचा फ्लॅश समोरून मारू नये, कारण त्याने भेग सपाट होऊन जाते. बाजूने टाकलेल्या विजेरीच्या उजेडात ती स्पष्ट उठते.

‘आधी आणि नंतर’ अशी जोडचित्रे यंत्रणांना फार आवडतात आणि त्यांत नकळत होणारी लबाडीही फार असते. ‘आधी’चे चित्र ढगाळ दुपारी रुंद लेन्सने आणि ‘नंतर’चे सकाळच्या कोवळ्या उन्हात लांब लेन्सने काढले, तर काही न करताही सुधारणा दिसते. म्हणून पहिल्या भेटीतच उभे राहण्याची जागा, लेन्सचे नाभीय अंतर, कॅमेऱ्याची उंची आणि वेळ वहीत टिपून ठेवावी, आणि दुसऱ्या भेटीत पहिल्या चित्राची छापील प्रत हातात धरून चौकट जुळवावी.

माणसे टिपताना, विशेषतः आपद्‌ग्रस्त, रुग्ण आणि मुले, संमती घ्यावीच. मुलांच्या बाबतीत ती पालकांची, आणि शक्यतो लेखी. वर्दी, ओळखपत्र आणि मोठा कॅमेरा घेऊन आलेल्या माणसाला नकार देता येतो हेच पुष्कळांना ठाऊक नसते, म्हणून मदत आणि छायाचित्र यांचा काही संबंध नाही हे स्पष्ट शब्दांत सांगावे.

फोटोओळ

मार्च १९३६ मध्ये डोरोथिया लँग यांनी कॅलिफोर्नियातील निपोमो येथे वर उल्लेखिलेल्या यंत्रणेसाठी एका स्थलांतरित मजूर आईचे चित्र काढले आणि ते जगभर गेले. लँग यांनी त्या बाईंचे नाव विचारले नव्हते. ते जगाला १९७८ साली, म्हणजे ४२ वर्षांनी कळले, आणि तेव्हा चित्रासोबत फिरत राहिलेल्या काही तपशिलांना त्या कुटुंबाने हरकत घेतली. इतक्या थोर छायाचित्रकाराच्या बाबतीत असे घडू शकते, तर आपण अधिक जपायला हवे.

फोटोओळीत कोण, काय करत आहे, कुठे, कोणत्या तारखेला, कोणत्या कारणाने आणि चित्र कोणी काढले एवढे आलेच पाहिजे. ‘मान्यवर कार्यक्रमात सहभागी झाले’ ही ओळ निरुपयोगी आहे. ‘डाव्या कालव्याच्या तिसऱ्या दरवाजाची दुरुस्तीपूर्व पाहणी करताना कार्यकारी अभियंता (डावीकडे) आणि ठेकेदाराचे पर्यवेक्षक; दरवाजाच्या खालच्या कडेचा गंज उजवीकडे दिसत आहे’, यात नावे आणि तारीख घातली की ती दप्तरात टिकते. पदनाम त्या दिवशीचे लिहावे. पुढे बढती मिळाली म्हणून जुनी ओळ बदलू नये. जे चित्रात दिसत नाही ते, विशेषतः ‘आनंदित नागरिक’ यांसारखे, लिहू नये, कारण आनंद झाला की नाही हे आपण विचारलेले नसते. एखादे नाव कळले नसेल तर अंदाज न करता ‘ओळख पटलेली नाही’ असे लिहावे.

ही ओळ वेगळ्या वर्ड फाइलीत ठेवण्याऐवजी चित्राच्या फाइलीतच, आयपीटीसीच्या (चित्राची माहिती फाइलीत नोंदवण्याच्या प्रमाणित पद्धतीच्या) रकान्यांत भरावी, म्हणजे चित्र जाईल तिथे ती सोबत जाते. मेसेजिंग अ‍ॅपवरून फोटो म्हणून पाठवलेल्या चित्रातून ही माहिती बहुधा गळून पडते आणि चित्राचा आकारही घटतो, हे ध्यानात ठेवून अधिकृत प्रती ई-मेलने किंवा दुव्याने द्याव्यात, अगदीच घाई असेल तर निदान ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवाव्यात.

कॅमेऱ्याचे घड्याळ हा विषय क्षुल्लक वाटतो, आणि मलाही तो एकेकाळी तसाच वाटत असे. दुरुस्तीहून आलेला कॅमेरा मी घाईने कामावर नेला. आतली बॅटरी काढल्यामुळे त्याचे घड्याळ मूळ तारखेवर गेले होते आणि ते माझ्या लक्षात आले नाही. तीन वर्षांनी त्या दिवसाची पाहणीची चित्रे एका वादात पुराव्यासाठी मागवली गेली, तेव्हा फाइलीतली तारीख काम सुरू होण्याच्याही कित्येक वर्षे आधीची निघाली. वहीत त्या भेटीची नोंद होती आणि एका चित्रात ठेकेदाराचा तारखेचा फलक आला होता, म्हणून निभावले. तेव्हापासून प्रत्येक कामाचे पहिले चित्र मी मोबाइलवरील तारीख-वेळेचे काढतो, आणि दोन कॅमेरे असतील तर दोन्हींनी.

काय बदलावे, काय बदलू नये

उजेड-अंधार, रंगांचा तोल, कडा कापणे आणि सेन्सरवरील धुळीचा डाग काढणे एवढ्यापुरतीच दुरुस्ती करावी. चित्रात नसलेले घालू नये आणि असलेले काढू नये, मग ती पाण्याची बाटली असो वा कोपऱ्यात जांभई देणारा उपसंचालक. हा नियम का हवा हे १९३६ सालच्या आणखी एका प्रकरणातून समजते. स्ट्रायकर यांच्याच विभागातले छायाचित्रकार आर्थर रॉथस्टीन यांनी साउथ डकोटात दुष्काळाचे चित्रण करताना गुराची एक कवटी थोडी हलवून वेगवेगळ्या जागी टिपली. दुष्काळ खरा होता आणि कवटीही खरी होती, पण निवडणुकीच्या वर्षात विरोधी वृत्तपत्रांनी ते चित्र बनावट ठरवून साऱ्या सरकारी कार्यक्रमावरच संशय उभा केला. खाजगी छायाचित्रकाराची लबाडी त्याच्या एकट्याच्या नावावर जाते, सरकारी छायाचित्रकाराची मात्र संपूर्ण खात्याच्या नावावर पडते.

काही झाकणे अपरिहार्यच असेल तर ते उघडपणे झाकावे. १ मे २०११ रोजी व्हाइट हाउसच्या सिच्युएशन रूममध्ये तिथले अधिकृत छायाचित्रकार पीट सूझा यांनी काढलेल्या चित्रात परराष्ट्रमंत्री हिलरी क्लिंटन यांच्या पुढ्यातील एक गोपनीय कागद अस्पष्ट केलेला होता, आणि तसे केल्याचे अधिकृत फोटोओळीतच नमूद होते. आपणही, मूळ फाइल तशीच राखून, प्रसिद्धीच्या प्रतीबाबत हीच पद्धत अवलंबावी.

जतन

त्याच दिवशी तीन प्रती कराव्यात, त्या दोन निरनिराळ्या प्रकारच्या माध्यमांवर ठेवाव्यात आणि त्यांतली एक दुसऱ्या इमारतीत असावी. तोवर मेमरी कार्ड पुसू नये. मे २०१८ मध्ये नासाचे छायाचित्रकार बिल इंगल्स यांचा एक कॅमेरा कॅलिफोर्नियातील व्हॅंडेनबर्ग तळावरील प्रक्षेपणाच्या वेळी, रॉकेटपासून सुमारे पाव मैल दूर असूनही, गवताला लागलेल्या आगीत वितळला, पण आतले कार्ड वाचले आणि त्यावरची चित्रे मिळाली. असे नशीब सर्वांना लाभत नाही.

फाइलीचे नाव वर्ष-महिना-दिवस या क्रमाने सुरू करावे, म्हणजे यादी आपोआप कालानुक्रमे लागते. रॉ फाइल (कॅमेऱ्याने टिपलेली प्रक्रिया न केलेली मूळ फाइल) राखावी, कारण जेपेग ही आकार लहान केलेली फाइल पुन्हा पुन्हा साठवताना दर वेळी थोडी माहिती गमावते. निवड करताना अंधूक आणि दुबार चित्रे जरूर काढून टाकावीत, पण ‘हे काही खास नाही’ एवढ्या कारणाने काढू नयेत. स्ट्रायकर काही काळ नापसंत निगेटिव्हना यंत्राने भोक पाडून बाद करत, आणि आज अभ्यासक ती भोके पडलेली चित्रेच उत्सुकतेने पाहतात.

हक्क आणि दबाव

नोकरीच्या कामात काढलेले चित्र सामान्यतः आपल्या मालकीचे नसते, मात्र देशोदेशीचे नियम भिन्न आहेत. अमेरिकेत संघराज्य सरकारच्या कर्मचाऱ्याने कर्तव्य म्हणून केलेल्या कामावर त्या देशात कॉपीराइटच नसतो, ब्रिटनमध्ये तो राजसत्तेच्या नावे असतो, आणि भारताच्या १९५७ च्या कायद्यानुसार, वेगळा करार नसल्यास, तो प्रथम सरकारकडे जातो व प्रकाशनानंतरच्या वर्षाच्या आरंभापासून ६० वर्षे टिकतो. कंत्राटी नेमणूक असेल तर कंत्राटातली अट वाचूनच सही करावी. स्वतःच्या संग्रहासाठी चित्रे वापरायची असतील तर रुजू होतानाच लेखी परवानगी मागावी आणि चित्रासोबत नाव छापले जावे अशीही विनंती करावी. दोन्ही गोष्टी नंतर मागितल्या की उगाच संशय येतो.

साहेबांच्या घरचा समारंभ, पक्षाच्या प्रचारासाठी हवी असलेली चित्रे आणि ‘तो माणूस चित्रातून काढून टाका’ ही सूचना, या तीन गोष्टी कधी ना कधी समोर येतातच. वाद न घालता ‘मागणी लेखी पाठवावी’ एवढे म्हणणे बहुतेक वेळा पुरते, कारण अशी मागणी सहसा कोणी लिहून देत नाही. काढलेले चित्र प्रसिद्धच होऊ न देण्याचा निर्णय मात्र वरिष्ठ घेऊ शकतात. लँग यांनी १९४२ मध्ये वॉर रीलोकेशन ऑथॉरिटीसाठी जपानी वंशाच्या अमेरिकन नागरिकांच्या सक्तीच्या स्थलांतराची चित्रे काढली आणि ती युद्ध संपेपर्यंत दडवून ठेवली गेली. परंतु ती नष्ट झाली नाहीत, आज अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागारात कोणालाही पाहता येतात. प्रसिद्धी रोखली गेली तर निमूटपणे मान्य करावे, पण मूळ फाइल पुसण्याचा आदेश आल्यास तो लेखी घ्यावा आणि अभिलेख जतनाच्या नियमांत तो बसतो का हे संबंधित शाखेला विचारावे.

बदली किंवा निवृत्ती जवळ आली की कार्यभार सोपवण्याची तयारी निदान दोन महिने आधी सुरू करावी. हार्ड डिस्क, पासवर्ड, संमतीपत्रांची फाइल आणि वापरलेल्या संक्षेपांची यादी एका कागदावर नोंदवून सही घ्यावी. ‘ओळख पटलेली नाही’ असे लिहिलेल्या चित्रांचे छापील संच करून ते निवृत्तीच्या वाटेवरील जुन्या शिपायांना, वाहनचालकांना आणि टंकलेखकांना दाखवावेत. माझ्या अशा संचात एकवीस चित्रे होती. एका वाहनचालकाने चहा पिता पिता त्यांतल्या चौदा चित्रांतली माणसे नावानिशी सांगितली.